आईसाहेबांचा पासपोर्ट

राजघराण्यातल्या बायकांना नाव नसतं, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं. तेही सुखासुखी नाही, पाच महिने डोक्याचा पार भुगा करून घेतल्यावर.

मी चिंतामण. सांगलीत तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल आहे, टेबलावर टाइपरायटर आणि समोर एक बाकडं. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे, लागेल ते टाइप करून देतो. वडिलांनी छड्या मारून मोडी शिकवली होती, त्यामुळे जुने कागद वाचून घ्यायलाही लोक माझ्याकडेच येतात. येतात ते घाईत, आणि काम काय आहे ते सोडून बाकी सगळं सांगतात. सव्वीस वर्षं हेच ऐकतोय, तरी माझा स्वभाव सुधारलेला नाही. बायको म्हणते, तुमच्या अगदी नाकावर राग. असू दे. नाक माझं आहे.

चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात नानासो वडसरकर माझ्याकडे आले. वडसर ही जुनी जहागीर, सतरा गावांची. या घराण्याला तोफांची सलामी कधीच नव्हती. एवढ्याशा जहागिरीसाठी इंग्रजांनी लवंगी फटाकासुद्धा उडवला नसता. पुढे जहागिरी गेल्या, एकाहत्तर साली तर मोठमोठ्या संस्थानिकांचे किताब सरकारनं काढून घेतले, पण ही बातमी वडसरकरांच्या बंगल्याच्या फाटकाशीच अडली असावी. नानासो राहायचे विश्रामबागेत. कुपवाडला त्यांची एक शेड होती, ती पंप बनवणाऱ्याला भाड्यानं दिलेली. फिरायचे स्कूटरवरून. मागच्या सीटवर ज्ञानू नावाचा त्यांचा म्हातारा गडी, मांडीवर फाइल घेऊन. स्कूटर थांबली की ज्ञानू आधी उतरायचा आणि म्हणायचा, "सरकार आल्यात."

"दिसतंय मला," मी म्हणालो.

नानासोंनी फाइल उघडून एक फॉर्म माझ्यासमोर ठेवला. पासपोर्टचा अर्ज होता, परत आलेला. नाव लिहायच्या चौकोनांत नानासोंनी स्वतःच्या हातानं भरलं होतं: गंगाभागीरथी श्रीमंत मातुश्री आईसाहेब महाराज वडसरकर. चौकोन संपले होते म्हणून 'वडसरकर' समासात उभं लिहिलेलं. खाली कुणीतरी लाल शाईनं शेरा मारला होता, 'फक्त नाव लिहावे.' तेवढं सांगायला कचेरीनं दीड महिना घेतला होता, पण चूक त्यांची नव्हती.

"आईसाहेबांना नैरोबीला जायचंय," नानासो म्हणाले.

"फिरायला?"

ते ज्ञानूला चहा सांगायला पिटाळून हळू आवाजात म्हणाले, "आमची बहीण असते तिकडे. पोटाचा कॅन्सर आहे. जुलैत डॉक्टरांनी सहा महिने सांगितले. तिला विमानात बसवता येत नाही. म्हणून आईसाहेब जायचं म्हणतात."

मी मनात हिशेब केला. जुलै ते डिसेंबर. त्यातले दोन महिने या माणसानं किताब लिहिण्यात घालवले होते. मला असा संताप आला की मी नवा फॉर्म मशीनमध्ये तिरकाच घातला.

"आईसाहेबांचं नाव सांगा."

"आईसाहेब."

"नाव हो, नाव."

"सांगितलं की."

"नानासो, तुमच्या आईला तिच्या आईबापांनी काहीतरी नाव ठेवलं असेल ना?"

त्रेपन्न वर्षांचा तो माणूस, आणि त्याला खरंच माहीत नव्हतं. रेशनकार्डावर 'आईसाहेब' होतं, मतदारयादीत 'वडसरकर आईसाहेब' होतं. जुन्या खतांवर 'राणीसाहेब, वडसर' असा शिक्का होता. आणि यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. उलट मलाच त्यांनी समजावलं. थोरली मुलगी जन्मली की ती आक्कासाहेब. लग्न होऊन आली की युवराज्ञी. सासरा गेला की राणीसाहेब. नवरा गेला, मुलगा गादीवर बसला की आईसाहेब. पुढची आली की मागचीनं तिला हुद्दा द्यायचा आणि आपण वरच्या पायरीवर सरकायचं. पायरी कधी रिकामी ठेवायची नाही.

"आणि माणूस?" मी विचारलं.

"कसला माणूस?"

भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काही होत नाही.

दोन दिवसांनी ज्ञानू आईसाहेबांच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. पस्तीस सालची, सोनेरी शाईची. तिच्यात होतं: 'आंबेगड जहागीरचे श्रीमंत सरकार यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. राजकन्या विजयमाला ऊर्फ आक्कासाहेब.' चला, विजयमाला. नाव मिळालं. आता जन्माचा दाखला हवा. आंबेगड म्हणजे मेढ्याच्या वरच्या डोंगरातली जहागीर, सांगलीच्या वडसरहूनही धाकटी. त्यांचं दफ्तर साताऱ्यात एका कचेरीत जमा आहे असं कळलं. मोडी वाचणारा दुसरा कोण मिळणार? मीच निघालो.

इस्लामपूर, कराड करत एसटीनं साताऱ्याला पोचलो. दफ्तर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी दोन दिवस रुमाल सोडायला लावले. रुमाल म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी. शिंका देऊन देऊन नाक सोललं. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद सापडली. सन १९१९, श्रावण शुद्ध पंचमी, सरकारस्वारीस प्रथम कन्या झाली, नाव विजयमाला, गावांत साखर वाटली. मुलगा झाला असता तर किती साखर, तेही शेजारी लिहून ठेवलं होतं. चौपट.

नक्कल घेऊन सरळ परत यायचं, तर माझी एक खोड आहे. हातात वही आली की पुढची पानं चाळल्याशिवाय राहवत नाही. चाळता चाळता १९२८ साल आलं, आणि तिथं लिहिलं होतं: 'राजकन्या विजयमाला आक्कासाहेब, वय वर्षे नऊ, विषमज्वराने कैलासवासी झाल्या.'

मी ती ओळ तीनदा वाचली. म्हणजे ज्या बाईंचा पासपोर्ट काढायचा, त्या दफ्तराप्रमाणे सहासष्ट वर्षांपूर्वी गेल्या होत्या.

त्याच्याच खाली, चौथ्या दिवसाची तारीख घालून, आंबेगडच्या सरकारांचा हुकूम होता. 'धाकट्या बाईसाहेबांस आक्कासाहेब हा मान देण्यात येत आहे. नाव, दासी, दागिने व वडसरशी झालेली सोयरीक जैसे थे चालावी.' मग मी मागे गेलो. १९२१ साली एकच ओळ मिळाली: 'सरकारस्वारीस द्वितीय कन्या झाली.' नाव नाही. साखर नाही.

थोरलीची सोयरीक आधीच ठरलेली. ती वारली. मग सात वर्षांच्या धाकटीला तिच्या जागी उभी केली, तिचा मान दिला, तिचं नावही दिलं, आणि पुढे तिच्यासाठी ठरलेल्या नवऱ्याशी लग्न लावून दिलं. हुद्दा रिकामा राहता कामा नये ना! मला त्या दफ्तरखान्यात बसून त्या सरकारस्वारीला चार शब्द सुनावावेसे वाटले. पण ते कधीच जाऊन बसले होते वर. मी तिन्ही नोंदींच्या आणि त्या हुकुमाच्या नकला घेतल्या आणि सांगलीची गाडी पकडली.

नानासोंना मी माझ्या टेबलाशीच सगळं वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"दुसरं पान तुम्हाला सापडलंच नाही," ते म्हणाले.

"सापडलंय. हे काय."

"चिंतामणराव, समजून घ्या. आमच्या चुलतभावाचा दावा चालू आहे, गादी कुणाची म्हणून. आमच्या वडिलांचं लग्न विजयमालांशी झालं असं सगळ्या कागदांवर आहे. उद्या तो विचारील, विजयमाला तर लग्नाआधीच वारल्या, मग तुम्ही कुणाचे?"

सतरा गावांतलं एकही गाव यांच्याकडे उरलं नव्हतं. गादी म्हणजे विश्रामबागेतली एक खुर्ची. तिच्यावरून दोन भाऊ कोर्टात भांडत होते, आणि तिकडे बहीण मरणाच्या दारात. मी सांगितलं, मला आधी आईसाहेबांना भेटायचंय, त्याशिवाय मी एक अक्षर टाइप करणार नाही.

बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात त्या बसल्या होत्या. बारीक चणीच्या, पांढरं पातळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शेजारी जमिनीवर एक त्यांच्याहून म्हातारी बाई लसूण सोलत होती. ही धोंडुबाई. आंबेगडहून नवरीबरोबर पाठराखीण म्हणून आली ती परत गेलीच नाही. ती अजूनही त्यांना माहेरच्यासारखं आक्कासाबच म्हणायची.

मी नकला पुढे ठेवल्या. आईसाहेबांनी बघितल्याही नाहीत.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "ताप माझ्यादेखतच आला होता तिला. चौथ्या दिवशी तिची पैंजणं माझ्या पायात घातली. मोठी होती, सुटायची."

"मग खरं काय ते लिहू? की—"

"लवकर काय होईल?"

"खोटं लवकर होईल," मी म्हणालो. खरं तर मला तसंच वाटत होतं. "विजयमालाचा जन्माचा कागद आहे. दुसरं पान जोडायचं नाही. खरं लिहायचं तर तुमच्या नावाचा कागदच नाही कुठे."

"मग खोटं लिहा. सगळं आयुष्य तिच्या नावावर काढलं, आता पासपोर्टचं काय घेऊन बसलात? मला माझी पोर बघायची आहे. बाकी नाव गेलं चुलीत."

सव्वीस वर्षांत मी खोटं प्रतिज्ञापत्र जाणूनबुजून टाइप केलेलं नाही. त्या दिवशी केलं. त्या बाईकडे बघून नाही म्हणवलं नाही. आता जन्मापासून ओळखणारा एक साक्षीदार हवा होता. जिवंत अशी एकच होती, धोंडुबाई. आठवडाभर नानासोंनी तिच्याकडून घोकवून घेतलं. "साहेब विचारतील या कोण, तर म्हणायचं विजयमाला." धोंडुबाई मान हलवायची. तोंडानं म्हणायची नाही. "दासीनं मालकिणीचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून लाजते," नानासो कौतुकानं म्हणाले.

ऑक्टोबरच्या शेवटी सगळे नायब तहसीलदारांसमोर उभे राहिलो. साहेब तरुण होते, जेवणाची वेळ झालेली होती.

"आजी, या बाईंना ओळखता?"

"व्हय."

"कोण या?"

"आक्कासाब."

"तो मान झाला. नाव काय?"

"आक्कासाब."

"अहो आजी, यांचं पाळण्यातलं नाव! इथं लिहिलंय विजयमाला. बरोबर ना?"

धोंडुबाईनं तोंड फिरवलं. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. नानासो दातओठ खात पुटपुटले, "म्हण की." मी कपाळाला हात लावला. आईसाहेब पुढे झाल्या.

"धोंडे, म्हण एकदाचं. माझी आज्ञा आहे."

"न्हाई म्हननार," धोंडुबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम चढला. "आवं सायेब, विजयमाला मेली. म्या तिला शेवटची न्हाऊ घातली, ह्या हातानं. मेल्या मानसाचं नाव जित्या मानसाला घालायचं? आन वर द्येवाची शपत घिऊन? सासष्ट वर्सं झाली, म्या कवा तोंडातनं न्हाई काढलं. हिला कायबी झालं आसतं, तर कुनी भरून दिलं आसतं?"

म्हणजे आम्ही सगळे आदर समजत होतो, आणि म्हातारी इतकी वर्षं या बाईचा जीव सांभाळत होती. मला स्वतःची लाज वाटली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग या कोण?"

"धाकली. बनू. बारशाला पाळन्याची दोरी माज्याच हातात हुती, म्या सात वर्साची हुते. हिच्या आई राणीसाबांनी बाळाच्या कानात सांगितलं, बनू. म्या ऐकलं."

आईसाहेबांनी टेबलाची कड धरली. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. त्या ते नाव स्वतःशीच म्हणून बघत होत्या.

नानासोंचा मात्र तोल गेला. "आईसाहेब, हे रेकॉर्डवर आलं तर मी कुणाचा ठरेन?"

"माझा," त्या म्हणाल्या. "आणखी कुणाचा? नऊ महिने मी वागवलंय तुला. विजयमालानं नाही."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून ती दुसरी नक्कल काढली. हुकुमाची. लपवायची होती, तरी खिशात कशी राहिली ते देव जाणे, आणि खरं सांगायचं तर मीही जाणे. साहेबांनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली. 'नाव, दासी, दागिने व सोयरीक जैसे थे.' वाचून झाल्यावर ते माझ्यावरच उखडले.

"हा कागद जन्मदाखल्याहून पक्का आहे! धाकट्या मुलीला थोरलीचं नाव दिलं असं खुद्द बापाचा हुकूम सांगतोय, शिवाय बारशाची साक्षीदार समोर उभी आहे. हे आणायचं सोडून खोटं कशाला टाइप केलंत? एका दिवसाचं काम होतं."

एका दिवसाचं काम. सप्टेंबरपासून मी रक्त आटवत होतो. मी तिथेच बाहेर जाऊन नवं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, एकाच पानाचं. नाव बनूबाई. श्रीमंत नाही, मातुश्री नाही. धोंडुबाईनं अंगठा उठवला आणि अंगठ्याची शाई पदराला पुसली. नवा अर्ज त्याच दिवशी रवाना झाला.

आता इथं गोष्ट संपायला हवी होती. पण राजघराणं म्हणतात ते उगाच नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर उजाडला. पासपोर्टचा पत्ता नाही. नैरोबीहून फोन येत होते, शरयूताईंना आता जेवण जात नव्हतं. शरयू हे त्या बहिणीचं नाव, तेही मला फोन आल्यावर ज्ञानूकडून कळलं. बंगल्यात तिचा उल्लेख 'तिकडच्या' असा व्हायचा. मी ओळखीनं पोलीस ठाण्यात चौकशी केली. हवालदारानं वही काढून दाखवली. शेरा होता, 'सदर इसम दिल्या पत्त्यावर राहत नाही.'

मी सायकल काढली आणि विश्रामबाग गाठली. नानासोंच्या राणीसाहेब झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होत्या.

"पोलीस आले होते का इथं?"

"आले होते की, पंधरवड्यापूर्वी. म्हणाले, बनूबाई इथं राहतात का? मी म्हटलं, नाही बाई, या नावाची मोलकरीण आमच्याकडे कधीच नव्हती. शेजारी विचारा."

"राणीसाहेब," मी म्हणालो, "बनूबाई तुमच्या सासूबाई आहेत!"

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नाही."

खरंच सांगितलं नव्हतं. नानासोंनी कचेरीतली ती सगळी हकिगत बायकोपासून लपवली होती. त्या दिवशी मी त्या बंगल्यात जे काही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. ओरडा ऐकून आईसाहेब बाहेर आल्या. त्यांना सगळं कळलं. चिडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "चिंतामणराव, मला त्या पोलिसाकडे घेऊन चला. मीच सांगते मी कोण ते." आणि ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी बघितली नव्हती, ती माझ्याबरोबर रिक्षातून गेली. हवालदारापुढे उभी राहून म्हणाली, "मी बनू. मी इथंच राहते. लवकर लिहा हो, माझी मुलगी आजारी आहे." हवालदार बिचारा उठून उभाच राहिला.

पासपोर्ट जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आला. डॉक्टरांचे सहा महिने उलटून गेले होते. व्हिसा, तिकीट, सगळं शरयूताईंच्या यजमानांनी तिकडून धावपळ करून केलं. अठ्ठावीस तारखेला आईसाहेब एकट्या विमानात बसल्या. त्र्याहत्तराव्या वर्षी, एकही इंग्रजी वाक्य न येता. मी नानासोंकडे रोज चौकशी करत होतो. पोचल्या एवढंच कळलं. पुढचं कळेना. कामात माझं लक्ष लागत नव्हतं. दोन भाडेकरार चुकीचे टाइप झाले, लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला स्कूटर आवारात शिरली. ज्ञानू उतरला, पण काही बोलला नाही. नानासो बाकड्यावर बसले.

"काल शरयू गेली," ते म्हणाले. "पेपरात निवेदन द्यायचंय. टाइप करा."

मी कागद चढवला.

"श्रीमंत राजकन्या," त्यांनी सांगायला सुरुवात केली.

माझे हात थांबले. मला माहीत होतं. अडुसष्ट साली शरयूताईंनी परजातीतल्या इंजिनिअरशी लग्न केलं तेव्हा याच माणसानं पत्र लिहून त्यांचा किताब काढून घेतला होता, वंशावळीतून नाव खोडलं होतं. ज्ञानूनं सांगितलं होतं मला.

"तो किताब तुम्ही परत घेतला होतात ना?"

"परत देतोय आता."

"कुणाला, नानासो? घ्यायला आहे कोण?"

लागेलसं बोललो, आणि लागलं. नानासो म्हणाले, "मग काय लिहू? नुसतं शरयू लिहिलं तर कोण शरयू, हे लोकांना कसं कळणार?"

"तुमची कोण होती ती?"

"बहीण."

"मग तेच सांगा की."

त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: 'माझी बहीण शरयू हिचे नैरोबी येथे निधन झाले.' खाली नाना वडसरकर. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला, पुन्हा वाचला, आणि हा ताठ मानेचा माणूस माझ्या बाकड्यावर लहान मुलासारखा रडायला लागला. मला त्याचा पाच महिन्यांचा राग होता. तो कुठे गेला कळलं नाही. मी ज्ञानूला पाणी आणायला सांगितलं.

"आईसाहेब पोचल्या तेव्हा शुद्धीत होत्या का शरयूताई?" मी विचारलं.

"होती. दहा दिवस मिळाले दोघींना." त्यांनी डोळे पुसले. "आईसाहेबांनी फोनवर सांगितलं. शरयूनं आधी पासपोर्ट मागून घेतला. नाव वाचलं आणि हसली म्हणे. अंगात त्राण नव्हतं तरी हसली. म्हणाली, पन्नास वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. मग शेवटपर्यंत आईसाहेबांना बनू म्हणूनच हाक मारत होती. पाणी दे बनू. इकडे बस बनू."

"आणि त्या?"

"ओ देत होत्या," नानासो म्हणाले.